पंधरा वर्षांची गाडी भंगार, पन्नास वर्षांची वारसा!

आमच्याकडे एक पक्षकार आले. रंगकाम करणारा कष्टकरी माणूस. रोज सकाळी मोटारसायकलला मागे डबे आणि ब्रश बांधायचे, नाक्यावर उभे राहायचे आणि काम मिळाले की पंधरा-वीस किलोमीटर जायचे. त्यांची गाडी २००७ साली नोंदलेली, शंभर सीसीची. २०२२ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे संपली, पण हे त्यांना कुणी सांगितले नाही. वर्षभराने कुणा एजंटाने सांगितले, "तुमची गाडी बाद झाली. आता दंडच साडेतीन हजारांच्या वर जाईल. त्यापेक्षा भंगारात घाला." नियमात उशिराच्या प्रत्येक महिन्याला ३०० रुपयांची तरतूद आहे, म्हणजे बारा महिन्यांचे ३,६००. हिशेब खोटा नव्हता. "गाडी बाद झाली" हे मात्र धादांत खोटे होते. त्यांनी चार हजार रुपयांना गाडी भंगारवाल्याला दिली. ना कागद केला, ना आर.टी.ओ.ला कळवले.

पुढे ती गाडी भंगारात गेलीच नाही. कुणीतरी तिचे इंजिन दुरुस्त केले, ती पुढे विकली आणि तिसऱ्याच कुणाच्या हातून अपघात झाला. विमा कधीच संपलेला. नोंदवहीत नाव मात्र आमच्या पक्षकाराचे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घेऊन ते आमच्यासमोर बसले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "वकीलसाहेब, गाडी विकून दोन वर्षं झाली, मग माझा काय संबंध?"

दुर्दैवाने संबंध आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, आर.सी.वर ज्याचे नाव, तोच कायद्याच्या नजरेत मालक. गाडी किती हातांतून फिरली हे अपघातग्रस्ताने शोधत बसायचे नाही. अपघातात ज्याचा पाय गेला त्याच्या बाजूने पाहिले तर हे न्याय्यच आहे. पण चार हजारांची गाडी विकलेल्या माणसाच्या डोक्यावर आज लाखोंच्या दाव्याची टांगती तलवार आहे, हेही खरे आहे. एका चुकीच्या माहितीने एका घराची रोजीरोटीची गाडी गेली आणि आता राहते घरही धोक्यात आले. म्हणूनच जुन्या मोटारसायकलचा प्रश्न आम्हाला क्षुल्लक वाटत नाही.

कायदा काय सांगतो?

सर्वप्रथम वस्त्या-वस्त्यांतून पसरलेला एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंधरा वर्षे झाली की खासगी दुचाकी आपोआप बाद होते, असे मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कुठेही म्हटलेले नाही. कलम ४१ नुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. नमुना २५ मध्ये अर्ज करायचा, गाडी निरीक्षकासमोर उभी करायची, ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर, सायलेन्सर, चॅसीस नंबर तपासून घ्यायचा आणि फी भरायची. गाडी चांगली असेल तर ती रस्त्यावर राहू शकते. विसाव्या वर्षीही राहू शकते आणि पंचविसाव्या वर्षीही.

मग हा गैरसमज आला कुठून? तो आला दिल्लीहून. राजधानी परिसरातील हवा विषारी झाली म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी आणली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर पेट्रोलच द्यायचे नाही असा फतवा निघाला. लोकांनी आरडाओरड केली आणि काही दिवसांतच तो मागे ठेवावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून कारवाई करू नका असे सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये तो दिलासा बी.एस.-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता मर्यादित केला. दुचाकींना बी.एस.-४ चे मानक देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले. म्हणजे दिल्लीतल्या त्याआधीच्या बहुतेक जुन्या दुचाकी पुन्हा कारवाईच्या तोंडी आल्या.

हे सगळे दिल्ली आणि आसपासच्या परिसराचे. महाराष्ट्रात असा वयाचा नियम नाही. पण बातमी दिल्लीची आणि धास्ती परभणीची, असे आपल्याकडे झाले आहे. या धास्तीवर एजंट जगतो, भंगारवाला जगतो आणि नव्या गाडीवर कर्ज देणारा जगतो.

वारसा कुणाचा आणि भंगार कुणाचे?

ऑगस्ट २०२१ मध्ये मोठा गाजावाजा करून वाहन भंगार धोरण जाहीर झाले. त्याआधी एकच महिना, जुलै २०२१ मध्ये, दुसरा एक नियम आला होता. त्याची आपल्या लोकांत फारशी चर्चा झाली नाही. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल, तर तिला ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता मिळते. २०,००० रुपये भरा, वेगळ्या मालिकेचा नंबर घ्या, प्रदर्शनात आणि रॅलीत मिरवा. रोज रस्त्यावर फिरवायची परवानगी तेवढी नाही.

आमचा कुणाच्या छंदाला विरोध नाही. जुनी यंत्रे जपलीच पाहिजेत. पण या दोन नियमांची एकत्र मांडणी करून पाहा. बंगल्याच्या आवारात झाकून ठेवलेली, पोटापाण्याशी संबंध नसलेली गाडी पन्नास वर्षांनी राष्ट्राचा वारसा ठरते. जिच्यावर भाजीची पाटी, रंगाचे डबे, शाळेची मुले आणि दवाखान्याला जाणारी म्हातारी आई बसते, ती गाडी पंधराव्या वर्षी संशयित ठरते. पंधराव्या वर्षी जी मोडीत काढाल ती पन्नासाव्या वर्षापर्यंत पोहोचणार कशी? पोहोचते ती फक्त ज्याच्याकडे दुसरी, तिसरी, चौथी गाडी आहे त्याची. यंत्राचे वय दोघांचे मोजायचे, पण मान मात्र मालकाची ऐपत पाहून द्यायचा, ही कोणती समता?

आता फीचा हिशेब पाहू. दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी पूर्वी ३०० रुपये होती. ती १ एप्रिल २०२२ पासून १,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील दुचाकीसाठी ती २,००० करण्यात आली. महाराष्ट्राने २०१० साली पंधरा वर्षांवरील खासगी गाड्यांना पर्यावरण कर लावला, तो दुचाकीला पाच वर्षांसाठी २,००० रुपये. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली, तिचे ४५० रुपये आणि वर जी.एस.टी. विमा वेगळा. वीस वर्षांच्या गाडीची ही बेरीज चार हजारांच्या पुढे सहज जाते. गाडीची बाजारातली किंमतच आठ-दहा हजार! श्रीमंताच्या गाडीच्या किमतीच्या मानाने ही फी चिल्लर आहे. नाक्यावरच्या मजुराला ती कित्येक दिवसांची मजुरी आहे. रोजी कमावण्याचे साधन हिरावणे म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला घालणे, हे ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच मान्य केले आहे. फी थेट हिरावून घेत नाही हे खरे. पण परवडणार नाही अशी करून सोडायला लावते.

प्रदूषणाचे काय?

येथे कुणी म्हणेल, "जुन्या गाड्या धूर ओकतात, त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे आणि आपण तो टाळू नये. कारण मुख्य रस्त्याच्या कडेला, कारखान्याच्या मागे, नाल्याच्या काठाला कोण राहतो? आपलीच माणसे. धूर पहिल्यांदा त्यांच्याच फुप्फुसात जातो. जुनी टू-स्ट्रोक गाडी पेट्रोलबरोबर ऑइल जाळते आणि निळा धूर सोडते. घासलेल्या रिंग-पिस्टनची फोर-स्ट्रोकही तेच करते. बी.एस.-६ ची गाडी बी.एस.-३ पेक्षा स्वच्छ आहे, यात वाद नाही.

पण धूर गाडीच्या जन्मतारखेतून निघत नाही, तिच्या सायलेन्सरमधून निघतो. मग मोजायचे काय, जन्मतारीख की धूर? वेळेवर ऑइल बदललेली, कार्बोरेटर साफ असलेली अठरा वर्षांची गाडी आणि कधीच गॅरेज न पाहिलेली आठ वर्षांची गाडी शेजारी उभी करा आणि यंत्र लावा. निकाल यंत्राने द्यावा, कॅलेंडरने नव्हे. यासाठी पी.यू.सी. तपासणी प्रामाणिक हवी. गाडी न पाहता प्रमाणपत्र हातात देणारी केंद्रे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. ती सुधारण्याऐवजी वयाची रेघ मारणे सोपे, म्हणून ती मारली जाते.

पेट्रोल बदलले, गाडी तीच

जुन्या गाडीवर आणखी एक भार न विचारता टाकला गेला. वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मूळ धोरणात २०३० चे होते. ते अलीकडे आणले आणि २०२५ मध्ये गाठले. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या या इंधनाचा विचार करून बनवल्या. त्याआधीच्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या तज्ज्ञ अहवालातच जुन्या धाटणीच्या दुचाकींचे मायलेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असे नमूद आहे. साधे पेट्रोल घेण्याचा पर्याय ठेवा, अशी याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. इथेनॉलमुळे परकीय चलन वाचते, ऊसउत्पादकाला भाव मिळतो, हे मान्य. पण जुन्या गाडीचा रबरी पाइप बदलायचा खर्च कुणाचा? तो गाडीवाल्याचाच.

इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की पाणी टाकीच्या तळाशी आणि कार्बोरेटरच्या वाटीत साचू शकते. टाकी आतून गंजते, जेट तुंबतो. जुने रबरी पाइप आणि वॉशर फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. म्हणून ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी पेट्रोलचा पाइप दर काही महिन्यांनी बोटांनी दाबून पाहावा. चिर दिसली तर तो लगेच बदलावा, कारण गळणारे पेट्रोल आणि तापलेले इंजिन यांत आग लागायला वेळ लागत नाही. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीखालचा स्क्रू सैल करावा आणि वाटीतले पेट्रोल काढून टाकावे. हे काम उघड्यावर, चूल, बिडी, दिवा यांपासून दूर करावे.

पाना हातात घ्या!

आमची स्वतःची मोटारसायकल २००५ ची आहे. वकिली सुरू केली तेव्हा घेतली. तालुक्याची कोर्टे, मोर्चे, गावोगावच्या बैठका तिच्यावरच झाल्या. एकदा रात्री बैठकीहून परतताना ती रस्त्यात बंद पडली. आम्ही कायद्याचे पदवीधर, हातात दिवाणी प्रक्रिया संहिता, आणि प्लग कुठे असतो हे माहीत नाही! सोबतच्या आय.टी.आय. शिकलेल्या कार्यकर्त्याने प्लग काढला, काजळी खरवडली, पुसून बसवला आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. त्या रात्री आम्हाला स्वतःची लाज वाटली. हाताने काम करणारा खालचा आणि कागदावर काम करणारा वरचा, ही वर्णव्यवस्थेची शिकवण आपण भाषणात झोडपतो. पण पदवी मिळाली की हाताला काळे लागू नये ही इच्छा आपल्याही मनात शिरते. ती शिरली असेल तर काढून टाकली पाहिजे.

घरी करता येण्यासारखे पुष्कळ आहे. साधा पान्यांचा संच, प्लगपाना, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि फिलर गेज एवढे पुरते. ठरलेल्या किलोमीटरला इंजिन ऑइल बदला. जुन्या गाडीत त्याआधीही पातळी पाहत जा. एअर फिल्टर साफ करा, कारण तो तुंबला की गाडी पेट्रोल जास्त खाते आणि काळा धूर सोडते. प्लगची काजळी काढा. चेन सैल झाली तर ताणा, पण फार घट्ट नको. मधोमध बोटाने उचलली की साधारण दोन-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या वायरीत ऑइल सोडा. वायरीचा एक जरी तार तुटलेला दिसला तरी ती बदला. टॅपेटचा आवाज येत असेल तर इंजिन पूर्ण थंड असताना, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे फिलर गेजने ते लावा. अंदाजाने नको.

आणि दोन गोष्टी अजिबात करू नका. ब्रेकच्या ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ओल्या फडक्याने पुसा. काढलेले काळे ऑइल गटारात ओतू नका, ते डब्यात साठवून ऑइल गोळा करणाऱ्याला द्या. ब्रेक, पुढचा फोर्क आणि चाकाचे बेअरिंग यांबाबत हात बसलेला नसेल तर ते काम मिस्त्रीकडेच करा. काटकसर इंजिनात चालते, ब्रेकमध्ये चालत नाही.

मिस्त्रीचा विषय निघाला म्हणून सांगतो. रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसणारा हा माणूस आवाजावरून रोग ओळखतो. त्याच्याकडे पदवी नसते, पण विद्या असते. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ आले, दुचाकीतून कार्बोरेटर जवळजवळ गेला आणि इंजेक्शन व संगणक आले. बिघाड वाचायचे यंत्र कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे, मिस्त्रीकडे नाही. चारचाकीबाबत असाच प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला होता. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. केंद्राने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी समिती नेमली आणि वाहनांचा त्यात समावेशही केला. परंतु कंपनीने पुस्तिका, भाग आणि साधने प्रत्येक मिस्त्रीला दिलीच पाहिजेत असे बंधन घालणारा कायदा झालेला नाही. समिती हा हक्क नव्हे. हक्क तोच, जो कोर्टात मागता येतो.

कागदाचीही देखभाल

गाडीला ऑइल लागते तसा कायद्याला कागद लागतो. वकील म्हणून आमचा आग्रह आहे की हे एवढे आजच पाहा. आर.सी.ची मुदत कधी संपते ते वाचा आणि संपण्याआधी अर्ज करा, म्हणजे महिन्याला ३०० चा बोजा साठत नाही. किमान तृतीय पक्ष विमा कधीही खंडित होऊ देऊ नका. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला जून २०२२ च्या दराने तो वर्षाला ७१४ रुपये अधिक कर इतका आहे. म्हणजे दिवसाला दोन रुपये. तेवढ्यासाठी घरावर जप्ती ओढवून घेऊ नका. गाडी विकली तर कलम ५० प्रमाणे चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवा आणि नाव बदलल्याची खात्री करूनच स्वस्थ बसा. खरोखरच मोडीत काढायची असेल तर नोंदणीकृत केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या आणि कलम ५५ प्रमाणे नोंदणी रद्द करून घ्या. सायलेन्सर किंवा हँडल बदलून गाडी ‘सजवणाऱ्या’ तरुणांनीही लक्षात ठेवावे की कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आमच्या मागण्या साध्या आहेत. नूतनीकरणाची फी गाडीच्या वयावर नव्हे, तपासणीच्या निकालावर ठरवा. मुदत संपण्याआधी मालकाच्या मोबाइलवर मराठीत सूचना पाठवा. रोजीरोटीच्या दुचाकीला पर्यावरण करातून सूट द्या. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करा. आणि या मागण्या घेऊन तालुक्याच्या आर.टी.ओ. शिबिरात जायचे असेल तर आधी आपले काम करू. पुढच्या रविवारी वस्तीतल्या समाजमंदिरासमोर जुन्या गाड्या लावा. एक मिस्त्री बोलवा, त्याला त्याचा मोबदला द्या, आणि मुले व मुली दोघांनाही प्लग काढायला शिकवा. एका टेबलावर कुणी शिकलेला बसून प्रत्येकाची आर.सी. आणि विमा तपासेल.

आमच्या त्या पक्षकाराची तारीख पुढच्या महिन्यात आहे. आम्ही लढतो आहोत. आता ते सायकलवर कामाला जातात. त्या दिवशी कुणी त्यांना एवढे जरी सांगितले असते की, "गाडी बाद झालेली नाही, फक्त मुदत संपली आहे," तर हा दावा उभाच राहिला नसता. वाचकहो, तुमच्या गल्लीत अशी एक तरी गाडी उभी असेल. आज संध्याकाळी तिच्या मालकाला जाऊन भेटा.